फॉल्ट नाही, असं मी लिहिलं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या दाजींचे. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. मी वैरागात बारावी झालो तेव्हा पुढं कॉलेजात नाव कसं घालतात हेसुद्धा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. दाजी सोलापुरात एका पेंडीच्या व्यापाऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होते. एका दुपारी ते गाडी घेऊन दारात आले, माझी पत्र्याची पेटी पेंडीच्या पोत्यांवर टाकली आणि मला केबिनमध्ये बसवून सोलापूरला घेऊन गेले. कॉलेजच्या फॉर्मवर 'पालकाची सही' अशी चौकट होती. दाजींनी तिथं आपलं पूर्ण नाव इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं की ते चौकटीबाहेर गेलं. क्लार्क म्हणाला, सही करा, नाव नका लिहू. दाजी म्हणाले, "माजी सही हीच हाय, सायेब."

तीन वर्षं मी त्यांच्या दोन खोल्यांत राहिलो. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी पिकअप कॉलेजच्या फाटकासमोर आडवी लावली आणि वॉचमन काठी घेऊन धावत येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. मला ते लाडानं पाव्हणं म्हणायचे. त्या दिवसापासून बीएस्सी म्हणायला लागले. "बीएस्सी, वाईच पाणी द्या की."

या माणसाच्या तोंडात मी लिहिलेला कागद कोंबला गेला आणि त्या कागदावरून त्यांचा एक कान गेला. हे कसं झालं ते सांगायचं आहे.

निकालानंतर मी अक्कलकोट रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात लागलो. दुकानाच्या वस्तादांना गाड्यांच्या वायरिंगमध्ये चाळीस वर्षं झाली होती, पण नव्या गाड्यांचा स्कॅनर त्यांना वाचता येत नव्हता. इंग्रजी माझ्याकडं, हात त्यांचे, असं आमचं चाललं होतं. स्कॅनर गाडीला जोडला की गाडीचा कॉम्प्युटर आपल्याला काय खुपतंय ते कोडमध्ये सांगतो. मी तो कोड वाचून वस्तादांना सांगायचो. काम झाल्यावर जॉबकार्ड भरायचं, गिऱ्हाइकाला द्यायचं. जॉबकार्डावर सही करताना मी सहीपुढं 'बी.एस्सी.' असं लिहायचो. तसं लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चात दाजींची पिकअप बंद पडायला लागली. रोज नाही, कधीतरी. सकाळी सोलापुरातून पेंड भरून माढ्याकडच्या गावांना टाकायची आणि दुपारी रिकामी गाडी घेऊन वैरागवरून परत यायचं, हा त्यांचा नेम. जाताना काही नाही. परतीला, वैराग सोडल्यावर एक उतार आणि त्याला एक वळण लागतं. वळणावर शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड आहे. गाडी नेमकी तिथं मरायची. इंजिन एकदम गप्प व्हायचं, स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं. दाजी कशीबशी गाडी कडेला घ्यायचे, बॉनेट उघडायचे, वायरी हलवायचे, दार आपटायचे. कधी पाच मिनिटांत, कधी वीस मिनिटांत ती आपोआप चालू व्हायची आणि मग सोलापूरपर्यंत नीट यायची.

मालकानं गाडीला जीपीएस बसवून घेतलं होतं. त्याच्या मोबाईलवर गाडीचा निळा ठिपका दिसायचा. तो ठिपका दुपारी म्हसोबाच्या वळणावर उभा राहिलेला दिसला की मालकाचं डोकं फिरायचं. तीन वेळा झाल्यावर त्यानं स्वतः गाडी चालवून बघितली. दोन दिवस त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला गेला आणि आला. गाडी एकदाही बंद पडली नाही. मग त्याची खात्रीच झाली. दाजी तिथं गाडी थांबवून मधलं भाडं मारतात, मालकाचं डिझेल जाळून दुसऱ्याचा माल इकडून तिकडं टाकतात आणि वर गाडीचं नाव सांगतात, असं तो गोदामावर सगळ्यांसमोर म्हणाला. दाजींनी उलटं उत्तर दिलं तेव्हा त्यानं खिळ्याला टांगलेला जुना फॅनबेल्ट काढून त्यांच्या पाठीवर ओढला. एकच फटका. दाजी घरी आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता. ताईनं तो पाण्यानं भिजवून सोडवला. दाजी भिंतीकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, बेल्टाचं काय न्हाय, चोर म्हनला.

दुसऱ्या दिवशी गाडी परत त्याच वळणावर मेली. त्या दिवशी दाजींनी चाकाचा पाना घेऊन बॉनेटवर चार घाव घातले. ते पोचे मी नंतर पाहिले. एवढा शांत माणूस, मुलांना कधी चापट न मारणारा, त्यानं रस्त्यात एकट्यानं गाडीला मारलं. पोचे बघून मालकानं गाडी आमच्या दुकानात धाडली आणि मला निरोप दिला: तुझाच दाजी आहे, तूच बघ आणि काय ते लिहून दे.

मी दोन दिवस ती गाडी बघितली. बॅटरीची टर्मिनल घासली. इंजिनची अर्थिंग काढून परत आवळली. मेन रिले बदलून बघितला. इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या सेन्सरवर किटलीनं उकळतं पाणी ओतून बघितलं, कारण तो तापला की दगा देतो. जीपीएसवाल्यानं वायर कुठून घेतली तेही सोडलं नाही, मला त्याचाच संशय जास्त होता. सगळं ठीक. पत्र्याच्या शेडखाली, सावलीत, गाडी तासन्‌तास चालू ठेवली. मी ती होटगीपर्यंत पळवून आणली. नाही म्हणजे नाहीच बंद पडली. स्कॅनर जोडला. पडद्यावर इंग्रजीत आलं, 'नो फॉल्ट कोड'.

वस्ताद तेव्हा कुणाच्या तरी मयतीला गुलबर्ग्याला गेले होते. मालकाचे फोनवर फोन. मी जॉबकार्ड घेतलं आणि पडद्यावरच्या इंग्रजीचं मराठी केलं: 'गाडीत फॉल्ट नाही.' खाली सही, पुढं बी.एस्सी.

वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर लिहिताना दाजींचा विचारही मनात आला होता. असा की, दाजी थोडंफार मधलं भाडं मारतही असतील, सगळेच मारतात. हे मी आजवर फक्त एका ठिकाणी लिहिलं आहे, त्यांना पाठवलेल्या पत्रात.

गाडी मीच गोदामावर घेऊन गेलो. मार्केट यार्डाजवळचं गोदाम, दुपारची वेळ, हमाल ट्रकमधून पोती उतरवत होते. दाजी वजनकाट्याजवळ उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मी फॉल्ट घेऊन आलोय.

मालकानं कार्ड घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. गाडीत फॉल्ट नाही. मग दुसऱ्यांदा वाचलं, सहीसकट.

"सख्ख्या मेव्हण्यानं लिहून दिलंय. बीएस्सी हाय त्यो. आता बोल."

दाजी माझ्याकडं बघत राहिले. मालकानं उघड्या पंजानं त्यांच्या डाव्या कानावर मारलं. पोतं पडल्यासारखा आवाज आला. दाजी तिरपे होऊन काट्याच्या लोखंडी कडेवर आपटले आणि तिथून खाली गेले. मालक त्यांच्यावर गेला. पोटात दोन लाथा, मांडीवर एक. दाजींनी हात फक्त डोक्यावर धरले होते, उलटा हात उचलला नाही. मालकाचा पुतण्या धावत आला, मला वाटलं सोडवायला आला, पण त्यानं दाजींचे पाय धरले. मग मालकानं माझा कागद चुरगाळला आणि दाजींचा जबडा एका हातानं दाबून तोंडात कोंबला. "खा. मेव्हण्याच्या हातचं खा."

हमाल पाठीवर पोती घेऊन जागच्या जागी थांबले होते. मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो. सात-आठ पावलांचं अंतर असेल. मी ते चाललो नाही. माझ्या तोंडून "मालक, मालक" असं काहीतरी येत होतं, पण पाय हलले नाहीत. शेवटी एका म्हाताऱ्या हमालानं पाठीवरचं पोतं मालक आणि दाजींच्या मध्ये दाणकन टाकलं. पोतं फुटलं, पेंड उडाली आणि मारणं थांबलं.

दाजी उठून बसले. तोंडातला कागद काढला. त्याला रक्त आणि पेंड लागली होती. तो त्यांनी फेकला नाही. घडी करून खिशात ठेवला आणि चालत घरी गेले. मी मागून चालत होतो. त्यांच्या डाव्या बाजूनं दोनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, रागानं. कानाचा पडदा फाटलाय हे सिव्हिलमध्ये दुसऱ्या दिवशी कळलं.

ताई भाकरी थापत होती. दाजींनी तिच्यापुढं तो कागद ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले. ताई चौथी शिकलेली, तिला वाचायला वेळ लागतो. ती मला म्हणाली, "तूच वाच. मोठ्यानं वाच, त्येंला ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. ती उठली आणि पीठ लागलेल्या हातानं माझ्या तोंडात मारली. लहानपणी आईच्या माघारी तिनंच मला सांभाळलं होतं, पण मारलं असं कधी नव्हतं. गालावर ज्वारीचं पीठ तसंच राहिलं. ती परत बसली आणि भाकरी थापायला लागली. थापताना काठवट एवढी हादरत होती की शेजारचा तांब्या सरकत गेला.

वस्ताद गुलबर्ग्याहून आले तेव्हा त्यांना सगळं यार्डातूनच कळलं होतं. त्यांनी मला पेकाटात एक लाथ घातली. मग माझ्यासमोर कोरं जॉबकार्ड धरलं.

"नै मिल्या लिखना था. नै है, ऐसा कैसा लिख्या?"

मी म्हणालो, स्कॅनरमध्ये काही आलं नाही.

ते म्हणाले, स्कॅनरला जे ठाऊक आहे तेच तो सांगेल. कॉम्प्युटरची वीजच गेली तर तो बिचारा कोड कुठून लिहिणार? ज्याचा गळा दाबलाय तो ओरडत नाही. मला भौतिकशास्त्रात चांगले मार्क होते. हे मला सुचायला हवं होतं. कॉम्प्युटरला वीज देणारी वायरच क्षणभर सुटत असेल तर कुठलाच कोड राहत नाही, आणि कोड नाही हाच खरं तर पुरावा. तो हातात धरून मी त्याचं उलटं मराठी केलं होतं.

मग वस्तादांनी विचारलं, मालक चालवतो तेव्हा बंद पडत नाही, तू चालवतोस तेव्हा पडत नाही, दाजी चालवतात तेव्हा पडते. तर तू दोन दिवस बघत काय होतास? "गाडीकू नक्को देख. चलानेवाले कू देख."

दाजींना कामावरून काढलं होतंच. यार्डात त्यांचं नाव इतकं खराब झालं की आठ दिवसांत तीन ठिकाणी त्यांना दारातून परत पाठवलं. मालक नवा ड्रायव्हर घालून गाडी चालवत होता आणि ती कुठंच थांबत नव्हती. प्रत्येक दिवस दाजींना जास्त चोर ठरवत होता. ताई म्हणायची, गाव सोडून जाऊ. दाजी म्हणायचे, चोर म्हणून न्हाय जायाचं.

नवव्या दिवशी वस्ताद स्वतः गोदामावर गेले. आमचं काम अर्धं राहिलंय, माझ्या दुकानाच्या नावाचा प्रश्न आहे, एक दिवस गाडी द्या, असं म्हणाले. मालक त्यांच्या वयाला लाजला असावा, चावी दिली. मी दाजींकडं गेलो. ते माझ्याशी बोलत नव्हते. त्यांच्या उजव्या बाजूला बसून मी एवढंच म्हटलं, की तुम्ही रोज चालवता तशी चालवा, मी शेजारी बसतो. मग ते उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

मी कॉम्प्युटरला वीज नेणाऱ्या वायरीला इंजिनजवळ मीटर जोडला आणि त्याच्या दोन तारा केबिनमध्ये घेऊन मीटर मांडीवर ठेवला. आकडा चौदा व्होल्टच्या आसपास होता. जाताना काही झालं नाही. माढ्याला दोन तास उन्हात गाडी उभी केली, कारण दाजी रोज तितका वेळ पोती उतरवत. परत निघालो तेव्हा केबिनची भट्टी झाली होती. डॅशबोर्डाला हात लागला की पोळत होता. त्यावर मध्यभागी दाजींनी एक छोटा पितळी नंदी बसवला होता, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला. रस्त्यात देवळं लागत होती. प्रत्येक देवळाला दाजी बोटं कपाळाला लावत होते, स्टिअरिंगवरचा दुसरा हात न सोडता.

वैराग मागं पडलं. उतार आला. मागं खडीचा डंपर लागला होता, त्याचा हॉर्न सारखा चालू होता. म्हसोबाचं वळण दिसलं. या वळणावर दाजींनी दोन गाड्या उलटलेल्या आणि एकीतली माणसं मेलेली डोळ्यांनी बघितली होती. म्हणून इथं ते नुसती बोटं कपाळाला लावत नव्हते. त्यांनी डावा पंजा पूर्ण उघडला, नंदीच्या पाठीवर ठेवला आणि दाबला.

मांडीवरच्या मीटरचा आकडा शून्य झाला.

इंजिन गेलं. स्टिअरिंग आखडलं. गाडी उतारावर वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरळ निघाली आणि दाजींनी दोन्ही हातांनी, अंगाचं सगळं वजन टाकून चाकं आत ओढली. डंपर आमच्या आरशाला चाटून गेला. आरसा तुटून दाजींच्या दारावर आदळला आणि काचेचा चुरा उडून माझ्या मांडीवर, मीटरवर पडला. आम्ही म्हसोबाच्या दगडापासून हातभर अंतरावर थांबलो. डंपरवाला पुढं जाऊन थांबला, खाली उतरून आईवरून शिव्या दिल्या आणि निघून गेला.

शून्य मी पाहिला होता, आणि शून्याबरोबर पंजाही पाहिला होता. थोड्या वेळानं गाडी चालू झाली. मी म्हणालो, "दाजी, नंदीला परत हात लावा. मघासारखा."

त्यांनी लावला. इंजिन बंद पडलं. हात काढला, जरा थांबून किल्ली फिरवली, चालू. परत लावला, बंद.

दाजींनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. त्यांचा चेहरा मालकाच्या मारानं झाला नव्हता तसा झाला. म्हणाले, "म्हंजे देवालाच मी नको झालो व्हय?"

मी डॅशबोर्डाखाली डोकं घातलं आणि टॉर्चचा उजेड पाडला. नंदी आधी चिकटपट्टीनं लावलेला होता. फेब्रुवारीत ऊन वाढल्यावर पट्टी सुटली, म्हणून दाजींनी त्याला खालून लांब स्क्रू मारून पक्का केला होता. स्क्रूचं टोक प्लास्टिकमधून खाली जाऊन वायरींच्या जुडीत घुसलं होतं आणि एका वायरीचं तांबं कापलं गेलं होतं. दोन-तीन तंतू शिल्लक होते. सकाळी प्लास्टिक कडक असतं, काही होत नाही. दुपारी ते तापून मऊ पडतं, वरून पंजा दाबला की स्क्रू खाली जातो आणि ते तंतू एकमेकांपासून सुटतात. कॉम्प्युटर मरतो, गाडी मरते. मालक देवाला हात लावत नव्हता. नवा ड्रायव्हर लावत नव्हता. मी लावला नव्हता, आणि आमची शेड सावलीत होती.

मी पक्कड घेतली तसं दाजींनी माझं मनगट धरलं. "आत्ता जोडू नगंस. जितं मारलं तितंच दाखवायचं."

मी त्यांना म्हणालो, स्क्रू कुणी मारला ते सांगायची गरज नाही. जीपीएसवाल्यानं मारला म्हणू, नाहीतर मालक परत हात टाकेल. दाजींनी माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा, त्या सगळ्यानंतर, मला त्या नावानं हाक मारली. "बीएस्सी, मला येडा म्हनू द्या की. चोर नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी गोदामाच्या अंगणात भर उन्हात लावली आणि दोन तास तशीच ठेवली. दाजींचा हट्ट होता की त्या दिवशी होते ते सगळे हमाल हजर पाहिजेत. ते आले. वस्ताद एका पोत्यावर बसले. मालक आतून बाहेर आला तोच चिडून. दाजींनी गाडी चालू केली, मोठ्यानं सांगितलं, ह्यो स्क्रू माझ्या हातानं मारलाय, आणि नंदीच्या पाठीवर पंजा ठेवला. इंजिन बंद. परत चालू, परत बंद. हमालांच्यात कुजबुज झाली. मालक म्हणाला, पायानं काहीतरी करतोयस, किल्ली फिरवतोयस.

दाजी खाली उतरले. गाडी चालूच होती. "मालक, मग तुमी बसा. तुमी हात लावा."

मालक बसला. थोडा वेळ त्यानं हात लावला नाही. सगळे बघत होते. मग त्यानं पंजा ठेवला आणि दाबला. इंजिन त्याच्या हाताखाली बंद पडलं. कुणीतरी हसलं.

त्या हसण्यानं तो पेटला. त्यानं नंदी मुठीत धरला आणि दोन हिसक्यांत डॅशबोर्डातून उपटला, स्क्रू, प्लास्टिकचा तुकडा, वायरीचा लोंबणारा फाटा सगळं एकत्र, आणि अंगणात भिरकावला. नंदी काट्याच्या त्याच लोखंडी कडेवर आपटला. त्याचं एक शिंग मोडलं. मग मालक खाली उतरून दाजींवर धावला. उघडा पंजा, तसाच, तेवढाच वर. या वेळी सात-आठ पावलं मी चाललो. पण माझ्या आधी दाजींनी त्याचं मनगट हवेत धरलं होतं. पन्नास किलोची पोती बारा वर्षं उचललेला तो हात होता. मालकानं सोडवायचा प्रयत्न केला, पाय झाडले, दाजींच्या नडगीवर लाथा घातल्या. मनगट सुटलं नाही. त्याचे गुडघे हळूहळू वाकले आणि तो सांडलेल्या पेंडीत खाली बसला. पुतण्या पुढं आला तेव्हा म्हातारा हमाल त्याच्या आडवा उभा राहिला.

दाजींनी मनगट सोडलं. मारलं नाही. खिशातून तो जुना कागद काढला, तपकिरी पडलेला, आणि मालकाच्या मांडीवर ठेवला. "मी चोर हाय का, ह्यांच्यासमोर सांगा."

दाजी थांबले. इतके थांबले की वस्ताद पोत्यावरून उठून उभे राहिले. शेवटी मालक मान खाली घालून म्हणाला, न्हाईस. डाव्या बाजूनं ते दाजींना ऐकू गेलं नाही. त्यांनी उजवा कान पुढं केला आणि परत म्हणायला लावलं. मग नंदी उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि निघून गेले.

गाडी आता सुरूच होत नव्हती. वायर पूर्ण तुटली होती, फॉल्ट कायमचा झाला होता आणि कुणालाही दिसत होता. वस्तादांनी मला ती तिथंच जोडायला लावली. दहा मिनिटांचं काम.

दाजींनी परत त्या यार्डात नोकरी धरली नाही. ते ताईला आणि मुलांना घेऊन सीमेपलीकडं इंडीला गेले. तिथं लिंबाचा ट्रक चालवतात. मी आता त्याच दुकानात आहे, वस्ताद दुपारनंतर येतात. फोनवर आम्ही बोलतो, पण ते फोन उजव्या कानाला धरून 'हां, बरं हाय' एवढंच म्हणतात, आणि मलाही फोनवर जमत नाही. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं:

दाजी, नमस्कार.

तीर्थरूप लिहिणार होतो, पण तुम्ही हसाल म्हणून लिहिलं नाही. ताईला वाचायला सांगू नका, तुम्ही स्वतः वाचा. अक्षर मोठं काढलंय.

त्या दिवशी कार्डावर 'फॉल्ट नाही' असं मी लिहिलं. 'सापडला नाही' एवढं लिहायला हवं होतं. मशीननं काही सांगितलं नाही हे एक. पण माझ्या मनातसुद्धा आलं होतं की तुम्ही मधलं भाडं मारत असाल. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. मालकानं मारलं तेव्हा मी दाराला धरून उभा राहिलो, तेही तुम्ही पाहिलं आहे. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुमच्या कानाचं मी काही करू शकत नाही. सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले पडदा शिवता येतो, पण किती ऐकू येईल हे आत्ता सांगता येत नाही. त्यांनी 'येणार नाही' असं म्हटलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. सुटी काढून या. मी बरोबर येईन, आत बसेन, बाहेर थांबणार नाही.

काल एक ट्रॅक्टर आलाय. वेळापूरचा आहे. कधीतरी बंद पडतो. तीन दिवस झाले, मिळत नाही. कार्डावर लिहिलंय, 'अजून सापडला नाही, शोधतोय.' ट्रॅक्टरचा मालक चिडलाय, पण त्याच्या ड्रायव्हरला मी शेजारी बसवून घेतलाय आणि तो काय काय करतो ते बघतोय. तुम्ही आलात की तुमच्या उजव्या कानानं एकदा इंजिन ऐका. मला त्यात काहीतरी वेगळं ऐकू येतं, पण खात्री नाही.

नंदीचं शिंग वस्तादांनी अंगणातून शोधून ठेवलं आहे. पितळेला डाग देऊन बसवता येईल म्हणाले. तुमच्या ट्रकमध्ये बसवायचा असेल तर खालून स्क्रू मी मारीन, आधी खाली डोकं घालून बघून.

सहीपुढं काही लिहीत नाही. तुमच्यासारखं सहीऐवजी नावच लिहितो, तुम्ही दिलेलं.

तुमचा पाव्हणा